जीवदयेला ज्ञानाची जोड : कुत्र्याच्या लहान पिल्लांचे आजार व उलट्या

(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवी वर्षात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पशुवैद्यकाने बारामती-इंदापुरात व्याख्यान द्यावयाचे म्हटले की ते गाईम्हशींविषयी असणार, अशी अपेक्षा असणे साहजिक आहे. हे दोन्ही तालुके उसाचे आणि दुधाचे. परंतु गाईला मोल आहे, आणि मोल असलेल्या जीवाची काळजी घेणारे अनेक असतात. आज मी ज्याला धनी नाही आणि ज्याची बाजारात कवडीही येत नाही, अशा जीवाविषयी बोलणार आहे. तो जीव म्हणजे आपल्या गल्लीत, दुकानाच्या पायरीखाली जन्मलेले कुत्र्याचे पिल्लू. त्यातही पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याला होणाऱ्या उलट्या, हा आजचा मुख्य विषय आहे.

पावसाळा सरता सरता भटक्या कुत्र्या माजावर येतात आणि साधारण ६३ दिवसांच्या गर्भकाळानंतर थंडीच्या तोंडावर वितात. त्याच सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांचे गळीत सुरू होते आणि रस्त्यांवर उसाच्या वाहनांची रीघ लागते. रस्त्याकडेला कुडकुडणारी पिल्ले पाहून आपली मुले हळहळतात आणि एखादे पिल्लू उचलून घरी आणतात. आजी बशीत गाईचे दूध ओतते. दुसऱ्या दिवशी पिल्लू ओकू लागते, तिसऱ्या दिवशी मान टाकते. “डॉक्टर, आम्ही तर दूधच पाजले,” हे वाक्य मी दर हिवाळ्यात ऐकतो. त्यामागची भावना निर्मळ असते. उणीव असते ती माहितीची, आणि ती भरून काढता येण्यासारखी आहे.

या संदर्भात इतिहासातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मोठा क्षोभ उसळला. त्यात पारशी समाज अग्रभागी होता. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि मुंबईतील दानशूर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभी राहिली. जीव वाचला, त्याला आसरा मिळाला. परंतु आसऱ्याला आलेला जीव आजारी असेल तर काय करावे? पुढे परळ येथे सर दिनशॉ पेटिट यांच्या दानातून प्राण्यांचे रुग्णालय झाले आणि १८८६ साली तेथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अभयदानाकडून औषधदानाकडे झालेली ही वाटचाल सुमारे अर्ध्या शतकाची आहे. आपल्या अंगणात मात्र आपण अजून पहिल्याच पायरीवर उभे आहोत.

आता मूळ विषयाकडे वळू. नवजात पिल्लाचे डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. ती आईच्या कुशीतून मिळते. आईने चाटल्याशिवाय त्याला मलमूत्र विसर्जनही नीट जमत नाही. अशा पिल्लाला आईपासून दूर करणे म्हणजे त्याची चूल, दाई आणि अन्नपूर्णा एकाच वेळी हिरावून घेणे होय. म्हणून पहिला नियम असा, की आई जिवंत असेल तर पिल्लू उचलू नये. आडोसा करावा, खाली कोरडे पोते अंथरावे आणि अन्न आईला घालावे. आईला घातलेली पोटभर दूध-भाकरी हेच पिल्लांसाठी सर्वोत्तम दूध होय.

आई खरोखरच दगावली असेल, तर आधी ऊब द्यावी आणि मग दूध. हा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. गार पडलेल्या पिल्लाचे आतडे काम थांबवते. अशा वेळी पाजलेले दूध पोटात साचते, उलटून येते आणि श्वासनलिकेत शिरून फुप्फुसाला सूज आणते. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, पिल्लू हळूहळू उबदार होऊ द्यावे. पाजताना त्याला तान्ह्या बाळाप्रमाणे उताणे धरू नये. ते पोटावर, मान किंचित वर असे असावे. दर १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी सुमारे ४ मिलिलिटर दूध पुरे होते. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पाजावे. अधिक प्रेम म्हणून अधिक दूध दिले, तर ते बाहेरच येणार.

दूध कोणते द्यावे? कुत्रीच्या दुधात प्रथिने ७ ते ८ टक्के व स्निग्धांश ९ टक्क्यांच्या आसपास असतो. गाईच्या दुधात हे दोन्ही घटक त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि दुग्धशर्करा मात्र अधिक असते. ही शर्करा पिल्लाला नीट पचत नाही. त्यामुळे जुलाब होतात, पोट फुगते आणि दूध उलटते. त्यात पाणी घातले तर पोषण आणखी घटते. पिल्लांसाठी खास तयार केलेली दुधाची पावडर मिळते, ती वापरणे श्रेयस्कर. तीन-चार आठवड्यांनंतर मऊ खिचडी, दहीभात अशा अन्नाची सवय हळूहळू लावता येते. पोषण पुरेसे होते आहे की नाही, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावे.

आता उलटी ओळखावी कशी? पाजल्यावर लगेच, जोर न करता तोंडाच्या कडेने दूध ओघळले तर ते बहुधा जास्त पाजल्याचे किंवा घाईचे लक्षण असते. प्रत्येक वेळी नाकातून दूध येत असेल तर टाळूला जन्मतः फट असू शकते. टाळू उघडून पाहावी. पोट आत ओढून, उमासे काढून होणारी उलटी ही खरी उलटी. ती वारंवार झाली की आजार समजावा. पिवळा फेस, रक्त, दोऱ्यासारखे जंत यांपैकी काय दिसले, हे लक्षात ठेवून वैद्यकाला सांगावे. निदान त्यावरून सोपे होते.

दोन महिन्यांच्या आतील पिल्लांत उलटीचे एक नित्याचे कारण म्हणजे गोल जंत. गर्भात असतानाच आईच्या शरीरातून जंतांच्या अळ्या पिल्लात येतात. म्हणजे पिल्लू जन्मते तेच जंत घेऊन. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे, हे त्याचे दृश्य रूप. दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, आठ आठवड्यांचे होईपर्यंत, वजनानुसार जंताचे औषध देण्याची पद्धत आहे.

येथे श्राविका भगिनींकडून एक प्रश्न हमखास येतो : जंताचे औषध देणे ही जंतांची हिंसा नव्हे काय? प्रश्न गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. आपल्या श्रावकाचारात संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असा हिंसेचा विवेक सांगितला आहे. त्यात औषधोपचाराचे स्थान कोणते, याचा निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. तो आपण त्यागीगणांना विचारावा. वैद्यक म्हणून मी दोनच गोष्टी पुढे ठेवतो. एक, पिल्लू दगावले तर त्याच्या पोटातील जंतही जगत नाहीत. दुसरी, या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत मिसळतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात गेल्यास डोळ्यांपर्यंत इजा पोहोचवू शकतात. मात्र ताज्या विष्ठेतील अंडी लगेच रोग पसरवत नाहीत. त्यांना मातीत पिकायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून अंगणातील विष्ठा रोजच्या रोज उचलून खोल पुरली, तर जंतांची नवी उत्पत्तीच रोखली जाते. ज्या उपायाने मारण्याची वेळच कमी येते, तो अहिंसेच्या सर्वांत जवळचा उपाय नव्हे काय?

सर्वांत घातक कारण म्हणजे पार्व्हो. १९७८ च्या सुमारास जगात प्रथम आढळलेला हा विषाणू काही वर्षांत सर्व खंडांत पसरला. दीड महिना ते सहा महिने वयाच्या पिल्लांना तो विशेष गाठतो. प्रथम पिल्लू सुस्त होते, अन्न सोडते, मग सतत उलट्या आणि त्यापाठोपाठ उग्र दुर्गंधीचे रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. मृत्यू येतो तो मुख्यतः शरीर कोरडे पडल्याने आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याने. उपचाराविना बहुसंख्य पिल्ले दगावतात; वेळेवर सलाईन व औषधे मिळाली तर बहुसंख्य वाचू शकतात. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणून जेथे एक पिल्लू पार्व्होने गेले, तेथे दुसरे बिनलशीचे पिल्लू आणू नये. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत, पुढील मात्रा द्याव्यात. एकच लस देऊन थांबणे पुरेसे नाही.

आपल्या भागाचे म्हणून आणखी एक कारण आहे. येथे द्राक्षबागा आहेत. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषवत ठरू शकतात. काही तासांत उलट्या होतात आणि पुढे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. बांधावर टाकलेले कीटकनाशकाचे डबे, गोदामातील उंदराचे औषध, स्वयंपाकघरातील कांदा-लसूण आणि चॉकलेट हीदेखील धोक्याचीच.

घरी काय करावे? माणसांच्या उलटीच्या वा तापाच्या गोळ्या कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांनी पिल्लू मरू शकते. शुद्ध हरपत चाललेल्या पिल्लाच्या तोंडात दूध-पाणी ओतू नये. अंग लुळे पडले असेल तर ग्लुकोजचे थोडे पाणी बोटाने हिरड्यांना चोळावे. त्यासाठी मधाची मुळीच गरज नाही. मग ऊब देत दवाखाना गाठावा. हिरड्या पांढऱ्या किंवा गार असणे, दोनपेक्षा अधिक उलट्या, रक्त, अन्न सोडणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर उद्याची वाट पाहू नये. मोठे कुत्रे दिवस काढते, पण लहान पिल्लाजवळ काही तासच असतात. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना जवळ आहेच. अधिक उपचारांसाठी शिरवळचे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या आवाक्यात आहे.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी पाळावी. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. दात वा नख लागले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. “लहानच तर पिल्लू आहे,” असे म्हणून दुर्लक्ष करू नये.

सुवर्ण महोत्सवी वर्षात आपण अनेक संकल्प करीत आहोत. त्यांत एका छोट्या संकल्पाची भर घालावी, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक गल्लीतील दोन युवकांनी व्यायलेल्या कुत्रीची नोंद ठेवावी, तिला अन्न व आडोसा द्यावा, पिल्लांना वेळेवर जंताचे औषध व लस मिळेल असे पाहावे. आणि पिल्ले दूध सुटून मोठी झाली की आईची नसबंदी करवून घ्यावी. दरवर्षी जन्मून तडफडणाऱ्या पिल्लांची संख्या त्यानेच कमी होईल. खर्च फार नाही. लागते ते सातत्य.

परस्परोपग्रहो जीवानाम्, हे आपले सूत्र आपण लग्नपत्रिकेवर छापतो. ते सूत्र या थंडीत आपल्या पायरीखाली कुडकुडत असेल. त्याला बशीभर दूध देण्यापूर्वी क्षणभर थांबून, त्याची आई कोठे आहे हे पाहावे, एवढेच मागणे मागून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.