गच्चीवर उधळलेली उष्णता



कार्यक्रमपत्रिकेवर 'हॉटेल व्यवसायातील ऊर्जाव्यवस्थापन' असा भारदस्त विषय छापलेला असला, तरी मला ओळखणाऱ्यांनी एव्हाना ताडले असेलच की हा गृहस्थ लवकरच गरम पाण्यावर घसरणार. (हशा.) २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आणि त्यान्वये स्थापन झालेला ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आपणांस विदित आहेतच, 'ऑर्किड' या हॉटेलाची हकिकतही विठ्ठल कामतांच्या 'इडली, ऑर्किड आणि मी' या आत्मकथनात आपण वाचलेली आहे. तेव्हा तो पूर्वरंग वगळून थेट न्हाणीघरात शिरू.

तेथे प्रथम दर्शन घडते ते एका कार्डाचे: वसुंधरेच्या रक्षणार्थ टॉवेल पुन्हा वापरावा, ही विनंती. १९८६ साली जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन निसर्गाभ्यासकाने या पुण्यसंचयातील दांभिकता चव्हाट्यावर आणली. माझी तक्रार मात्र निराळी आहे. ती अशी की, या कार्डाने पाहुण्याची आणि मालकाचीही सदसद्विवेकबुद्धी इतकी तृप्त होते, की तळघर आणि गच्ची यांच्या जमाखर्चाची रुजुवात घेण्याचे कोणास सुचतच नाही.

किनाऱ्यालगतच्या एका शहरातील हॉटेलमालकांनी (नाव सांगत नाही, त्यांचे व्याही या सभागृहात असण्याचा संभव आहे) मला सल्ल्यासाठी पाचारण केले. (हशा.) बागेतील सौरदिवे झाले, कागदी नळ्या झाल्या, भिंतीवरील प्रशस्तिपत्रे झाली, मग मी गच्चीवर जाण्याची इच्छा दर्शविली. उद्वाहन तेथवर जात नव्हते. लोखंडी शिडीने आम्ही वर पोहोचलो, तो वातानुकूलन यंत्राच्या पंख्यांतून येणाऱ्या ऊन झोताने मालकांची टोपी उडाली, आणि तिच्यामागे धावताना त्यांना दिसले ते असे: धोबीखान्यातील पोरांनी त्या झोतासमोर दोरी बांधून आपले गणवेश वाळत घातले होते! मालक संतापले. मी म्हणालो, "रागावू नका, आपल्या संस्थेतले खरे ऊर्जाव्यवस्थापक हेच." (टाळ्या.) त्यानंतर आम्ही तळघरात उतरलो. तेथे डिझेल जाळून बॉयलर पाणी तापवीत होता. पुढच्या दाराने दूध ओतून द्यावे आणि मागच्या दाराने गवळ्याला पैसे मोजावेत, असा तो कारभार!

हिशेब सोपा आहे. वातानुकूलनाचे साधारण यंत्र १ युनिट वीज खाऊन खोल्यांतून सुमारे ३ युनिट उष्णता उपसते आणि गच्चीवर ४ युनिट फेकते. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यावयास लागतात तीही सुमारे ४ युनिटच. ही उष्णता ६० अंशांची पायरी सहसा गाठीत नाही, आणि टाकीतील गरम पाणी लिजिओनेलाच्या जंतूंपायी त्याहून थंड ठेवू नये, हे मला मान्य. परंतु तिने पाणी ४५ अंशांपर्यंत आणून दिले, तर बॉयलरास उरलेला चढच चढावा लागेल.

पुढच्या रांगेतील हॉटेलवाले स्नेही मान हलवीत आहेत. त्यांचा आक्षेप मी ओळखतो: वातानुकूलन रात्रभर, स्नाने मात्र सकाळी सातला. त्यासाठीच आवरण घातलेल्या मोठ्या टाकीची तजवीज करावयाची! महाबळेश्वरी थंडीत वातानुकूलनच बंद, म्हणून गच्चीवर फेकलेली उष्णता नसतेच, हा आक्षेप मात्र खरा. तेथे हवेतून उष्णता ओढणारा हीट पंप बसवावा, आणि त्याची वीज खर्ची टाकावी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. (हशा.) वातानुकूलन २४ अंशांवर ठेवण्याचा आग्रह, काचेच्या भिंती, खोलीतील किल्लीकार्ड, सारे राहिलेच, मुख्य मुद्दा झाला असल्याने मला त्याचे विशेष वैषम्य नाही. विनंती एकच. सुटीत आपण ज्या हॉटेलात उतराल, तेथील व्यवस्थापकास टॉवेलाविषयी काही विचारू नका. पाणी कशावर तापते आणि गच्चीवर काय फेकले जाते, एवढे विचारा. पहिल्या खेपेस तो हसण्यावारी नेईल. दुसऱ्या पाहुण्यानेही तेच विचारले, तर मालकास कळवील.