द्राक्षाची काडी आणि उताऱ्यावरचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या विषयाला ‘सुधारित जाती आणि बाजारपेठ’ असे भारदस्त नाव दिले आहे. आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या बायका मात्र हंगामात हा विषय रोज कात्रीने कापत असतात!

‘थॉम्पसन’ हे नाव आपल्या तोंडी बसले आहे. हा कॅलिफोर्नियातला एक बागायतदार. एकोणिसाव्या शतकात त्याने ही बिनबियांची जात तिकडे रुजवली. बी नसल्याने तिचा मणी मुळात बारीक. परदेशी पाठवायचा तर तो 16 ते 18 मिलिमीटर जाड हवा. म्हणून घड संजीवकात बुडवायचे आणि विरळणी करायची. मांडवाखाली दिवसभर मान वर करून ती विरळणी कोण करते, हे या सभेत सांगायला नको.

आता ‘आरा’ नावाच्या नव्या जाती आल्या आहेत. त्यांचा मणी अंगचाच मोठा, त्यामुळे बुडवणी आणि विरळणी कमी लागते. बागवाल्याचा खर्च वाचतो; मजुरीवर जाणाऱ्या बाईचे दिवस मात्र घटतात. दुसरे असे की, थॉम्पसनची काडी आपण खुशाल माहेरी धाडत होतो. या जाती हक्काच्या आहेत. त्या परवान्याने लावायच्या, आणि काडी परस्पर कोणाला द्यायची नाही, असा करार असतो.

हा परवाना एकट्यादुकट्या छोट्या शेतकऱ्याला कुठून मिळणार? आपल्या मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’ने तो मिळवला, कारण ती शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी आहे. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी या वाढरोधकाचा अंश सापडला आणि कंटेनर अडकून पडले. पुष्कळ घरे त्या वर्षी कर्जात गेली. त्याच साली विलास शिंदे यांनी सोबत्यांसह ही कंपनी उभी केली. माल तपासणे, शीतगृहात ठेवणे, कंटेनर भरणे ही एकरभर बागेच्या धन्याची कामे नव्हेत. अनेकांची मिळून ती होतात. म्हणून माझ्या मते जात चांगली असणे हे अर्धेच काम. माल नेणारी वाट आपली नसेल, तर मोठा मणीही व्यापाऱ्याच्याच भावाने जातो.

अशा कंपनीचा सभासद व्हायला उत्पादक असावे लागते. मत माणशी एक. पण उत्पादक कोण, हे बहुधा सातबारा पाहून ठरते, आणि त्यावर आपल्यापैकी कितीजणींचे नाव आहे? बाग राखायची आपण आणि सभेला जायचे घरधन्याने! 1992 साली सरकारने लक्ष्मीमुक्ती योजनेचे परिपत्रक काढले. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्याआधीच गावोगाव ही चळवळ चालवली होती.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरच्या सातबाऱ्याची नक्कल आणावी. ज्यांवर नाव नाही, त्यांचे अर्ज तिथेच बसून लिहू. आणि अर्जावर सही नवऱ्याची लागते, हे घरी आधीच बोलून ठेवावे.