संगणकाला रिमोट दिसत नाही तेव्हा

मुंबईत २०१२ च्या नोव्हेंबरपासून आणि पुण्या-नागपुरात पुढच्या वर्षीच्या एप्रिलपासून केबल टीव्हीला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि टीव्हीसमोरच्या टीपॉयवर दुसरा रिमोट येऊन बसला. मग साउंडबारचा तिसरा आला, एसीचा चौथा. या सगळ्यांचं काम एकट्याने करणारा तो युनिव्हर्सल रिमोट. त्याची साधी जात आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. कागदावरचा कोड दाबायचा, टीव्ही बंद झाला की आपला कोड सापडला. आज बोलायचं आहे ते दुसऱ्या जातीबद्दल, म्हणजे संगणकाला जोडून ज्याला शिकवावं लागतं त्या रिमोटबद्दल. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांच्या ‘सीएल नाइन’ या कंपनीने १९८७ साली ‘कोअर’ नावाचा असा रिमोट काढला होता. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने तो फारच किचकट ठरला. घराघरांत पोचला तो कॅनडातल्या मिसिसॉगा शहरातल्या एका छोट्या कंपनीचा ‘हार्मनी’. लॉजिटेकने २००४ साली ती कंपनीच विकत घेतली. आपल्याकडे कोणती उपकरणं आहेत ते संगणकावर सांगायचं, कंपनीच्या सर्व्हरवर त्याची फाइल तयार होणार आणि यूएसबी केबलमधून ती रिमोटमध्ये उतरणार, अशी ही व्यवस्था. २०२१ च्या एप्रिलमध्ये लॉजिटेकने हे रिमोट बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. पण विकले गेलेले रिमोट अजून वापरात आहेत आणि त्यांच्याबद्दलची तक्रार जवळजवळ एकच असते: केबल लावली, तरी संगणक म्हणतो, ‘रिमोट सापडला नाही.’

हे वाक्य संगणकाच्या पडद्यावर दिसतं खरं, पण त्यावर विसंबून पुढे जाण्यातच बहुतेकांचा वेळ वाया जातो, असं माझं म्हणणं आहे. रिमोटपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक साखळी असते. आधी रिमोटचं सॉकेट, मग केबल, मग संगणकाचा पोर्ट, त्यानंतर विंडोजसारखी प्रणाली, तिच्यावर चालणारा प्रोग्रॅम आणि सगळ्यात शेवटी इंटरनेटपलीकडचा सर्व्हर. ‘सापडला नाही’ हे सांगणारा प्रोग्रॅम या साखळीत जवळजवळ शेवटी बसलेला आहे. त्याच्या अलीकडच्या कुठल्याही कडीत काहीही बिघडलं, तरी त्याच्याकडे सांगायला हे एकच वाक्य. आणि आपण काय करतो? ज्याने निरोप दिला त्यालाच धरतो. प्रोग्रॅम काढून टाकतो, पुन्हा टाकतो, संगणक बंद-चालू करतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! बिघाडाचा शोध रिमोटच्या टोकापासून सुरू व्हायला हवा, आणि प्रत्येक कडीची परीक्षा तिच्या पुढच्या कडीवर भरवसा न ठेवता घ्यायला हवी. हे दिसायला लांबचं वाटतं, प्रत्यक्षात पाच मिनिटांचं काम आहे.

आधी केबल. रिमोट जोडल्याबरोबर त्याचा पडदा उजळतो, काही मॉडेलांत चार्जिंगचं चिन्हही येतं, आणि आपण ठरवून टाकतो की केबल ठीक आहे. इथेच गफलत होते. या रिमोटांच्या यूएसबी केबलमध्ये मुख्य तारा चार. लाल आणि काळ्या तारेतून पाच व्होल्टची वीज जाते, पांढऱ्या आणि हिरव्या तारेतून माहिती जाते-येते. पडदा उजळला म्हणजे लाल आणि काळी शाबूत आहेत, एवढंच सिद्ध झालं. पांढऱ्या-हिरव्याबद्दल त्या उजेडातून काडीइतकंही कळत नाही. शिवाय निव्वळ चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या कितीतरी केबलींत या दोन तारा घातलेल्याच नसतात. हार्मनीच्या बऱ्याच मॉडेलांना लागते ती मिनी यूएसबी केबल. हे सॉकेट २००० सालचं, २००७ मध्ये मायक्रो यूएसबी आली आणि मोबाइलवाल्यांनी मिनीला रजा दिली, पुढे टाइप सी आली. त्यामुळे आज घरात मिनी केबल मिळालीच, तर ती कुठल्यातरी खणाच्या तळाशी, कसल्यातरी जुन्या वस्तूबरोबर आलेली, तारांचा भरवसा नसलेली असते. तिची परीक्षा अगदी सोपी आहे. त्याच केबलने जुना डिजिटल कॅमेरा किंवा पोर्टेबल हार्ड डिस्क संगणकाला जोडा. फोटो किंवा फायली दिसल्या तर केबल निर्दोष. नुसता दिवा लागला आणि फाइल एकही दिसली नाही, तर पुढे काहीही करण्यात अर्थ नाही, आधी दुसरी केबल आणा.

पोर्टबद्दल फार बोलायला नको. मध्ये यूएसबी हब असेल तर काढून टाका, केबल थेट संगणकात खोचा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला, मदरबोर्डला थेट जोडलेल्या पोर्टमध्ये. आणि रिमोटच्या सॉकेटमध्ये धूळ किंवा कापसाचे तंतू साचले आहेत का, ते टॉर्च लावून बघा.

खरी माहिती मिळते ती पुढच्या कडीवर, आणि तिच्याकडे मात्र कोणीच बघत नाही. यूएसबीवर एखादी वस्तू जोडली की तिच्यातला दीड किलोओहमचा एक रोधक माहितीच्या एका तारेवरचा विद्युतदाब वर खेचतो. त्यावरून संगणकाला कळतं की कोणीतरी आलं आहे. मग तो विचारतो, तू कोण? उत्तरादाखल त्या वस्तूने दोन क्रमांक सांगायचे असतात, एक उत्पादकाचा आणि एक वस्तूचा. लॉजिटेकचा उत्पादक क्रमांक आहे ०४६डी. ही सवाल-जवाबाची पद्धत १९९६ साली आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या पथकाचं नेतृत्व करणारे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. महत्त्वाचं असं की हा संवाद रिमोटच्या प्रोग्रॅमच्या जन्माआधीच उरकतो. प्रोग्रॅम संगणकावर नसला तरीही तो होतो. म्हणून तो प्रोग्रॅमला बाजूला ठेवून तपासता येतो. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि रिमोटची केबल काढा, लावा, पुन्हा काढा. यादीतली नावं वाचत बसू नका, यादी हलते का एवढंच बघा. यादी ढिम्म हलली नाही, तर दोष केबल, पोर्ट किंवा रिमोटच्या सॉकेटमध्ये आहे, प्रोग्रॅमला हात लावण्याचं कारण नाही. यादी हलली, पण पिवळ्या त्रिकोणासह ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असं आलं, तर कोणीतरी आल्याचं संगणकाला कळलं, मात्र नाव सांगताना बोलणं तुटलं, असा त्याचा अर्थ. अशा वेळी संशय जातो तो अर्धवट तुटलेल्या तारेवर, सैल सॉकेटवर, हबवर, क्वचित खुद्द रिमोटवर. आणि नाव नीट आलं, गुणधर्मांत ०४६डी दिसलं, तर केबल आणि पोर्ट दोन्ही सुटले. त्यांना पुन्हा हात लावायचा नाही. लिनक्स वापरणाऱ्यांना हेच ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा देऊन बघता येतं.

इथे एक बारकावा आहे आणि त्यात जाणकारही फसतात. हार्मनीची बरीच मॉडेलं संगणकाला स्वतःची ओळख कीबोर्ड किंवा माउसच्या जातीचं उपकरण म्हणून करून देतात. या जातीचा ड्रायव्हर प्रत्येक प्रणालीत आधीपासूनच असतो, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर शोधत नेटवर भटकणं व्यर्थ. हार्मनी १००० आणि ११०० सारखी मॉडेलं मात्र जोडल्यावर चक्क नेटवर्क कार्ड असल्यासारखी वागतात. संगणकाला वाटतं, नवं नेटवर्क जोडलं गेलं. आता संगणकावर कडक फायरवॉल असेल किंवा ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल, तर ते या अनोळखी नेटवर्कवरची ये-जा अडवू शकतं. केबल उत्तम, ओळख पटलेली, तरी रिमोट ‘सापडत नाही’. तक्रार तीच, वाक्य तेच, कारण मात्र पार वेगळं. म्हणून आपलं मॉडेल कोणत्या जातीचं आहे, हे आधी माहीत असलेलं बरं.

आता यावरचे आक्षेप. पहिला असा, की एवढी शहानिशा करायला वेळ कोणाला आहे? सगळं काढून पुन्हा टाकलं की बऱ्याचदा चालू होतं. होतं, हे मी नाकारत नाही. पण त्या खटाटोपात केबल निघते आणि पुन्हा लागते, पोर्ट बदलतो, संगणक नव्याने सुरू होतो, आणि यांतल्या कशाने गुण आला हे कळायला काही मार्ग राहत नाही. पुढच्या वेळी पुन्हा सगळंच करावं लागतं. जुन्या उपकरणाच्या बाबतीत तर हा उपाय धोक्याचाही आहे. हार्मनीची नोंदणीची वेबसाइट दीर्घकाळ मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटवर चालत होती. क्रोमने २०१५ मध्ये अशा प्लगइनांचा आधार काढून घेतला, आणि मायक्रोसॉफ्टने स्वतः २०२१ च्या ऑक्टोबरात सिल्व्हरलाइटला निरोप दिला. ज्या संगणकावर जुना प्रोग्रॅम अजून धडपणे चालतो आहे, तिथून तो काढून टाकणं म्हणजे परत न मिळणारी वस्तू फेकून देणं ठरू शकतं.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. ‘कालपर्यंत याच केबलने, याच संगणकावर चालत होतं. आम्ही कशालाही हात लावलेला नाही. मग केबलपासून तपासायचं कशासाठी?’ आपण हात लावला नाही, हे खरं. पण साखळीतल्या काही कड्या आपल्या ताब्यात नसतात. रात्री विंडोजने स्वतःला अपडेट केलं असेल, ब्राउझर बदलला असेल, सर्व्हरवर काहीतरी फिरलं असेल. लॉजिटेकने २०१८ च्या डिसेंबरात ‘हार्मनी हब’ या आपल्याच दुसऱ्या उपकरणाच्या एका अपडेटमध्ये घरातल्या घरात वापरायचा एक मार्गच बंद केला होता. आपापल्या घरातली यंत्रणा त्यावर उभी केलेल्या हौशी मंडळींनी गदारोळ केला, तेव्हा काही दिवसांत कंपनीला तो पुन्हा खुला करण्याची सोय द्यावी लागली. त्या मंडळींनीही कशालाच हात लावलेला नव्हता. तेव्हा ‘काल चालत होतं’ ही माहिती उपयोगाची आहे, पण तिच्यावरून केबलला सोडून देता येत नाही. डिव्हाइस मॅनेजरची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. तिथे रिमोट दिसला, तर मात्र आक्षेप घेणाऱ्याचं बरोबर: आता प्रोग्रॅमच्या बाजूला वळायचं. खात्यात लॉगिन होतं का ते बघायचं. लॉगिनच होत नसेल तर गाठ सर्व्हरशी किंवा इंटरनेटशी आहे. लॉगिन होऊन रिमोट तेवढा दिसत नसेल, तर प्रोग्रॅमशी किंवा त्याला अडवणाऱ्या फायरवॉलशी. मग रिमोट आणि तीच केबल घेऊन दुसऱ्या संगणकावर जा. केबलही बदलली आणि संगणकही बदलला, तर चालू झालेल्या रिमोटकडून काहीच शिकता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

तिसरे म्हणतील, केबलीची कटकटच कशाला, हल्ली वायफायवर चालणारी छोटी डबी मिळते, मोबाइलवरून एसी लागतो. मिळते, आणि पुष्कळांना ती पुरेशीही आहे. पण साखळी त्यामुळे आखूड होत नाही, उलट मोबाइल आणि राउटर या दोन कड्या वाढतात. या स्वस्त डब्यांपैकी बऱ्याच फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. मोबाइल ५ गिगाहर्ट्‌झवर असला की जोडणी करताना ॲप सांगतं, ‘डिव्हाइस सापडलं नाही.’ वाक्य ओळखीचं वाटलं ना?

एक गल्लत मात्र इथे वेगळी काढायला हवी. फाइल रिमोटमध्ये व्यवस्थित उतरली, संगणकाने तसं सांगितलं, आणि तरी टीव्ही हलत नाही. पुष्कळदा याचाही दोष कनेक्शनला दिला जातो. रिमोटच्या टोकाचा दिवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा तो इन्फ्रारेड प्रकाश पडद्यावर जांभळट चमकतो. चमकला तर रिमोट बोलतो आहे, फक्त टीव्हीला ती भाषा कळत नाही. म्हणजे यादीतून मॉडेल चुकीचं निवडलं गेलं. ते संगणकावर दुरुस्त करायचं, केबलचा त्यात काही संबंध नाही.

राहता राहिली शेवटची कडी, कंपनीच्या सर्व्हरची. आपण घरात बसून तपासू शकत नाही अशी ही एकच. सगळेच रिमोट या बाबतीत सारखे नाहीत. युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या अनेक रिमोटांत सेलच्या कप्प्यात सहा पिनांचा एक जोड असतो. त्याच्या शेजारी छापलेल्या खुणेवरून हौशी मंडळी त्याला ‘जेपी वन’ म्हणतात. त्यांनी स्वतःच केबली बनवल्या, आधी प्रिंटरच्या पोर्टला जोडणाऱ्या, मग यूएसबीच्या. या पद्धतीत रिमोटची फाइल आपल्याच संगणकावर राहते, सर्व्हरचा प्रश्नच येत नाही. हार्मनीवाल्यांसाठी ‘कॉन्कॉर्डन्स’ नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे. नवी फाइल बनवण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरवाचून त्याचंही चालत नाही. पण तो चालवू शकत असलेल्या मॉडेलांतली फाइल वाचून तिची प्रत संगणकावर ठेवता येते आणि तीच पुन्हा रिमोटमध्ये घालता येते. तेव्हा एवढ्या तपासणीनंतर रिमोट एकदाचा दिसू लागला, तर घाईने नवा साउंडबार जोडायच्या मागे लागू नका. सर्व्हर उत्तर देतो आहे तोवर आहे ती फाइल आधी उतरवून घ्या, तिच्या नावात तारीख घाला, आणि चाललेली ती मिनी केबल रिमोटच्याच डब्यात ठेवा.