कावसजीचं नाक आणि आपला दवाखाना



त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन यांची आपली परिषद पुण्यात भरली आहे, म्हणून बोलायला सुरुवात करते ती पुण्याजवळच झालेल्या एका शस्त्रक्रियेपासून. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र आणि सोबत एक चित्र छापून आलं. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा माणूस १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला होता. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला आणि मग विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ नमुना नाकाच्या जागेवर बसवायचा, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती खूण करायची, तेवढी त्वचा सोडवून घ्यायची, दोन डोळ्यांच्या मधली पट्टी मात्र तोडायची नाही, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. मग ती त्वचा वळवून खाली आणायची आणि भिजवलेला कात लावलेल्या चिंध्यांनी धरून ठेवायची. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापायची. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया स्वतः पाहिली. ते पत्र वाचून शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली लंडनमध्ये ती जिवंत माणसावर करून दाखवली.

आपल्या परिषदांमधून ही हकीकत अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगावीच. मला मात्र तिच्यातला कावसजी जास्त जवळचा वाटतो. तो श्वास नाकाशिवायही घेत होता, जेवत होता, ईस्ट इंडिया कंपनीचं पेन्शनही त्याला मिळत होतं. तरी कपाळ सोलून घेण्याचं दुखणं त्याने भुलीशिवाय सोसलं, कारण, मला वाटतं, त्याला चारचौघांत पुन्हा वावरायचं होतं. म्हणून चेहऱ्यावरच्या उपचारांना ‘नुसते श्रीमंतांचे चोचले’ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेली मुलगी, कुष्ठरोग बरा होऊनही नाक बसलेला माणूस, मुरमांच्या खड्ड्यांमुळे मान खाली घालून बोलणारा विशीतला मुलगा, आणि पन्नाशीत नोकरी टिकवू पाहणारी बाई, यांच्यात ‘गरज’ आणि ‘हौस’ अशी रेघ ओढायला मला जमत नाही. सुझान नोएल या फ्रेंच शल्यविशारद बाईंनी १९२६ साली सौंदर्यशल्यक्रियेवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच या शल्यक्रियेच्या सामाजिक भूमिकेचा उल्लेख आहे. वय दिसू लागलं की बायकांच्या हातचं काम जातं, हे त्यांनी पॅरिसमध्ये पाहिलं होतं. शंभर वर्षांनी, आपल्या शहरांतल्या शोरूम, बँका आणि वाहिन्यांमध्ये, ते फारसं बदललेलं नाही.

समोर बसलेल्या माणसाच्या इच्छेचा मान राखायचा, ही आपल्या विद्येची पहिली अट आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्याभोवती जे उभं राहिलं आहे त्याबद्दल मला आज स्पष्ट बोलायचं आहे. कावसजीची विटंबना त्याच्या शत्रूने केली आणि कारागिराने ती दूर केली. आज जाहिरात आधी लाज पेरते आणि मग तिच्यावरचा उपाय पॅकेजमध्ये विकते. पंचवीस वर्षांच्या मुलीला ‘प्रिव्हेंटिव्ह’ नावाखाली सुया टोचायच्या, नवरीला लग्नाआधीच्या ‘ब्रायडल पॅकेज’मध्ये पील, लेसर आणि फिलर एकत्र बांधून द्यायचं, रुग्णाला ‘क्लायंट’ म्हणायचं आणि महिन्याचं टार्गेट भिंतीवर लिहायचं. हे सगळं बाहेरचे लोक करतात असं म्हणून सुटका होणार नाही. त्यातले काही आपल्या पदव्या लावून बसलेले आहेत.

या विद्येने नेहमीच अशी घाई केली आहे असं नाही. बोट्युलिनम टॉक्सिनचीच गोष्ट घ्या. १८२०च्या दशकात युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेची बारीक नोंद ठेवली आणि हेच विष कधी औषध होऊ शकेल, असा विचारही मांडला. १८९५ साली बेल्जियममध्ये एका अंत्ययात्रेनंतरच्या जेवणात लोकांना विषबाधा झाली, तेव्हा फान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जिवाणू शोधला. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर त्याचा प्रयोग केला आणि अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी त्याला मान्यता मिळाली. व्हॅंकुव्हरच्या डॉ. जीन कॅरुथर्स नेत्रतज्ज्ञ, त्यांचे पती ॲलस्टेअर त्वचातज्ज्ञ. पापण्यांच्या उपचारासाठी येणाऱ्या एका बाईने भुवयांमध्येही इंजेक्शन मागितलं, कारण तिथे दिलं की चेहऱ्यावरची चिंता जाते, असं तिच्या लक्षात आलं होतं. या दोघांनी निरीक्षण केलं, १९९२ साली निबंध लिहिला, आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती २००२ साली. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन सुटणं थांबतं, स्नायू सैल पडतो, तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो. एवढ्याशा कामामागे दशकांची सावधगिरी आहे. आज नवं यंत्र आलं की विक्री प्रतिनिधी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेतो आणि सोमवारपासून ते रुग्णावर चालू होतं.

यंत्रांचा विषय निघाला म्हणून आपल्या कातडीबद्दल बोलते. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी सांगितलं की योग्य तरंगलांबी आणि योग्य कालावधीचा प्रकाश वापरला तर आजूबाजूच्या ऊतींना धक्का न लावता एकाच लक्ष्याला तापवता येतं. त्वचेवरच्या आधुनिक लेसर उपचारांचा बराचसा डोलारा या विचारावर उभा आहे. पण केसाच्या मुळातलं मेलॅनिन हे लक्ष्य असेल, तर सावळ्या माणसाच्या वरच्या थरातलं मेलॅनिनही तीच ऊर्जा पिऊन घेतं. भाजतं, आणि मग महिनोन्‌महिने काळा डाग राहतो. म्हणून आपल्याकडे १०६४ नॅनोमीटरसारखी लांब तरंगलांबी जास्त भरवशाची ठरते, आणि म्हणून परदेशी यंत्रावरचं छापील सेटिंग जसंच्या तसं वापरणं धोक्याचं आहे. ज्या फिट्झपॅट्रिक वर्गीकरणावर आपण रोज बोट ठेवतो, त्यातही १९७५ साली गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते, तपकिरी आणि काळे प्रकार नंतर जोडले गेले. वऱ्हाडच्या उन्हात राबणाऱ्या, कोकणच्या दमटपणात राहणाऱ्या माणसांच्या त्वचेवर कोणती मात्रा चालते, याच्या नोंदी आपल्याच दवाखान्यांतून यायला हव्यात.

आणि वांग. आपल्या ओपीडीत रोज दिसणारा, रोज बायकांना रडवणारा हा डाग. त्यावर लेसर विकण्याआधी रंगीत सनस्क्रीनबद्दल किती जण बोलतात? त्यातलं लोहाचं ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं आणि वांगाला तोच प्रकाश चिघळवतो. सनस्क्रीनला कुणी ‘प्रोसिजर’ म्हणत नाही, म्हणून तिचं नावही कुणी घेत नाही. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांचा अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य साडेचार वर्षांत इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी होतं. रात्री लावायचं ट्रेटिनॉइन, दिवसा सनस्क्रीन, आणि शेतावर डोक्यावरून पुढे ओढलेला पदर. तारुण्य टिकवण्यासाठी ज्यांच्यामागे भक्कम पुरावा आहे असे हे उपाय स्वस्त आहेत, एवढाच त्यांचा दोष.

उलट जे स्वस्त आणि घातक आहे, ते गल्लोगल्ली मिळतं. चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात मिळणारी, स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेली ट्यूब ‘गोरी होण्याची क्रीम’ म्हणून वर्षानुवर्षं चेहऱ्याला चोळली जाते. सुरुवातीला खरोखरच चेहरा उजळतो, तिथेच फसगत होते. मग कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमं आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवली की अशी आग होते की मुलगी पुन्हा तीच ट्यूब हातात घेते. पाऱ्याच्या क्रीमचं प्रकरण त्याहून भयंकर. २०२३ साली केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांमध्ये सामाईक धागा सापडला, तो अशा गोरेपणाच्या क्रीमचा. स्थळ पाहायला येणाऱ्यांपुढे बसायची भीती मूत्रपिंडापर्यंत पोचते, हे आपण जाहीरपणे बोललं पाहिजे. शाळांमध्ये जाऊन, महिला मंडळांत जाऊन, मराठीत बोललं पाहिजे. मी तर म्हणेन, आपल्यापैकी कुणीही आपल्या फलकावर ‘फेअरनेस’ किंवा ‘व्हाइटनिंग’ हे शब्द लावू नयेत. सावळ्या रंगाला रोग ठरवणारी पाटी डॉक्टरच्या दारावर शोभत नाही.

फिलरबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण इथे चूक झाली तर ती भरून निघत नाही. चेहऱ्याचं वय फक्त कातडीत नसतं. डोळ्याची खोबण रुंदावते, जबड्याचं हाड झिजतं, गालांतल्या चरबीचे वेगवेगळे कप्पे वेगवेगळ्या वेगाने आटतात. रोरिक आणि पेसा यांनी २००७ साली हे कप्पे दाखवून दिल्यावर नुसती कातडी ताणण्यापेक्षा आतलं हरवलेलं भरून देण्याचा विचार रुजला, आणि तो योग्य होता. पण भरण्याला अंत राहिला नाही. फिलरमधलं हायलुरोनिक ॲसिड सहा-आठ महिन्यांत विरघळतं असं आपण सांगत आलो. एमआरआयमध्ये ते कित्येक वर्षांनंतरही दिसतं. त्याच्यावर भर, भरावर भर, असे सुजलेले, एकमेकांसारखे दिसणारे चेहरे तयार होतात.

त्याहून मोठा धोका रक्तवाहिनीचा. नाकाच्या दांड्यावर किंवा भुवयांच्या मध्ये टोचताना सुई वाहिनीत गेली आणि जोराने दाबलं, तर फिलर उलटं मागे ढकललं जाऊन डोळ्याच्या धमनीत जाऊ शकतं. दृष्टी तत्क्षणी जाते आणि बहुधा परत येत नाही. १९३४ साली मायर आणि पामर यांनी हायलुरोनिक ॲसिड पहिल्यांदा वेगळं काढलं ते गाईगुरांच्या डोळ्यातल्या द्रवातून. त्याच पदार्थाने धडधाकट तरुणीचा डोळा जावा, हे मला असह्य वाटतं. आणि हे ब्युटी पार्लरच्या खुर्चीत, व्हिडिओ पाहून शिकलेल्या हातांनी केलं जातंय. अमेरिकेत अल्बुकर्कीच्या एका स्पामध्ये रक्त टोचून करायच्या ‘फेशियल’मधून एचआयव्हीची लागण झाली, त्याचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. सुई ही सुईच असते, तिच्याभोवती मेणबत्त्या आणि मंद संगीत असलं तरी.

तरुण सहकाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. नकार द्यायला शिका. एन्रिको मॉर्सेली यांनी १८९१ साली स्वतःच्या रूपातल्या काल्पनिक व्यंगाने झपाटलेल्या रुग्णांचं वर्णन केलं आहे. असे रुग्ण आपल्याकडे रोज येतात. चार डॉक्टर बदललेले, मोबाइलवर झूम केलेले फोटो दाखवणारे, दिवसातून कित्येक तास आरशासमोर घालवणारे. त्यांच्या चेहऱ्यावर केलेलं कोणतंही काम त्यांना समाधान देत नाही. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि चिठ्ठी हातात देऊन मोकळे होऊ नका, फोन करून त्यांची वेळ ठरवून द्या. इंग्लंडने २०२१ साली कायदा करून अठरा वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी बोट्युलिनम आणि फिलर देण्यावर बंदी घातली. तो नियम आपण कायद्याची वाट न पाहता आजपासून पाळू शकतो. लग्न तीन आठवड्यांवर आलेल्या मुलीला नवं लेसर, नवं पील देऊ नका. तिची आई कितीही आग्रह धरो, डाग पडला तर मांडवात बसायचं आहे ते त्या मुलीला.

उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो एकाच प्रकाशात, एकाच कोनातून, बिनमेकअप घ्यावेत. संमतीपत्र मराठीत असावं आणि दृष्टी जाण्याचा धोका त्यात स्वच्छ शब्दांत लिहिलेला असावा. हे ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी मांडणार आहे. त्यांना विरोध करायचा असेल तर तो तिथेच, नाव सांगून करावा.

उद्या सकाळच्या पहिल्या सत्रात फिलरमुळे वाहिनी बंद पडल्यावर पहिल्या मिनिटांत काय करायचं, याचा प्रत्यक्ष सराव ठेवला आहे. फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज किती घ्यायचं, कुठे टोचायचं, नेत्रतज्ज्ञाला कधी बोलवायचं, हे ज्येष्ठ मंडळी शेजारी उभं राहून दाखवतील. लहान गावांतून आलेल्या डॉक्टरांनी पुढच्या रांगा धराव्यात. आणि ज्यांच्या दवाखान्यात या औषधाची कुपी आज नाही, त्यांनी ती येईपर्यंत फिलरची एकही अपॉइंटमेंट देऊ नये, अशी अध्यक्ष म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे.