शेवटचा येईपर्यंत



आज मी आपल्याशी धावण्याच्या शर्यतींबद्दल चार शब्द बोलणार आहे. शर्यतींवर बोलणारा माणूस म्हटला, की त्याच्या घरी ढाली आणि पेले ओळीने मांडलेले असतील, असे आपल्याला वाटेल. माझ्या घरी तसे काही नाही. राहात्याच्या आसपास गेल्या सहा वर्षांत लहानमोठ्या अकरा शर्यती मी धावलो. त्यांत माझा सर्वांत वरचा क्रमांक सदतिसावा. तेव्हा जिंकावे कसे, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. मागे राहिलेल्या माणसाला शर्यत कशी दिसते, आणि त्यापासून एका शिक्षकाला काय शिकावे लागले, एवढेच मी सांगू शकेन.

धावायला लागलो तेव्हा माझे वय चव्वेचाळीस होते. हौस म्हणाल तर ती नव्हती. डॉक्टरांनी रक्त तपासले, साखर वाढलेली निघाली. ते म्हणाले, "गुरुजी, गोळी देतो, पण पायही हलवा." आता हलवायचे कुठे? आमच्या गावातून नगर-मनमाड रस्ता जातो. शिर्डी पाचेक किलोमीटरवर. रात्रंदिवस वाहनांची रीघ असते. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की उसाच्या ट्रॅक्टरांची त्यात भर. म्हणून मी कॅनॉलची वाट धरली. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेला हा गोदावरीचा उजवा कालवा शंभर वर्षांहून जुना आहे. आमच्याकडच्या पेरूच्या बागा आणि उसाचे मळे त्याच्याच पाण्यावर पोसले गेले. पहाटे त्या वाटेवर चिटपाखरू नसते. म्हटले, बरे झाले, पाहणारे कुणी नाही.

पण खेड्यात पाहणारे नाही असे कधी होत नाही. तिसऱ्याच दिवशी बागेच्या कुंपणापलीकडून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हाक दिली, "मास्तर, कोन मागं लागलंय वो?"

मी धापा टाकत म्हणालो, "साखर लागलीय मागं, बाबा."

"मंग पळा, पळा! आपल्या भागात ती लई हाय."

म्हातारा खोटे बोलला नाही. सहकारी साखर कारखान्याचा पहिला मोठा प्रयोग ज्या प्रवरानगरला झाला, ते आमच्याच तालुक्यात आहे.

त्या वाटेवर मला सोबती मिळाले ते पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण. भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते, आणि वेळेवर गुण मिळतात. त्यांच्या धावण्यावर घरची चूल अवलंबून. माझ्या धावण्यावर फक्त माझी साखर. तरी त्यांनी मला सामावून घेतले. पहिला धडा त्यांनीच दिला: "सर, आधी एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. पळताना शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलता येईना, म्हणजे वेग जास्त झाला." शाळेतल्या मुलांना मी इतकी वर्षे नुसते "पळा" असे सांगत आलो होतो, कसे पळावे ते कधी सांगितले नव्हते.

माझी पहिली शर्यत सव्वीस जानेवारीची, पाच किलोमीटरची. छातीवर नंबराचा कागद टाचला, लाऊडस्पीकरवर देशभक्तीची गाणी लागली, आणि शिट्टी होताच सगळे सुसाट सुटले. त्या लोंढ्यात मीही सुटलो. पहिला किलोमीटर वाऱ्यासारखा गेला. दुसऱ्यात बरगडीखाली कळ आली. तिसऱ्यात पिंढऱ्या भरून आल्या, आणि पाचवीतली एक पोरगी "सर, चला ना!" असे म्हणत मला मागे टाकून गेली. याचे कारण सोपे आहे. एकदम जोरात धावले, की स्नायूंना जेवढा प्राणवायू हवा तेवढा फुप्फुसे आणि हृदय पुरवू शकत नाहीत. मग शरीर साठवलेल्या साखरेवर घाईघाईने काम चालवते आणि लवकर थकते. हळू सुरुवात करणारा शेवटी पुढे जातो, तो काही नशिबाने नव्हे.

आता ज्या शर्यतीसाठी मी आज बोलायला बसलो, तिच्याकडे येतो. ती शेजारच्या तालुक्यातली, दहा किलोमीटरची. ऊन लवकर तापले. सात किलोमीटर झाल्यावर माझ्या पुढे कुणी दिसेना, मागे तर कुणी नव्हतेच. मी सर्वांत शेवटी होतो. पण थांबलो नाही. थोडा चाललो, थोडा धावलो, आणि गावात शिरलो.

पाहतो तो काय! फक्कीची रेघ पायांनी पुसून गेलेली. दोर गुंडाळलेला. टेबले टेम्पोत चढलेली. बक्षिसे वाटून झाली होती, पाहुण्यांचे भाषणही झाले होते. खुर्च्या रचणारा एक मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, शर्यत संपली ना!" पहिला धावपटू पस्तीस-छत्तीस मिनिटांत पोहोचला होता. मला सव्वा तासाच्या वर लागला असावा. 'असावा' म्हणतो, कारण माझ्या वेळेची नोंद करायला तिथे कुणी उरलेच नव्हते. माझ्याजवळही घड्याळ नव्हते.

मला राग आला. परतीच्या एस.टी.त बसलो तरी तो उतरेना. मनात एक भाषणच तयार झाले, या आयोजकांना असे सुनावीन, तसे सुनावीन. आणि मध्येच, श्रोतेहो, मला माझी स्वतःची शाळा आठवली आणि ते भाषण तिथेच संपले.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेचे क्रीडामहोत्सव. मुलींची आठशे मीटर धाव. शिट्टी माझ्या हातात, स्टॉपवॉचही माझ्याच हातात. पहिल्या तिघी आल्या. त्यांच्या हाती मी क्रमांकाच्या चिठ्ठ्या दिल्या, घड्याळ बंद केले, आणि पुढच्या खेळासाठी मुलांना रेघेवर उभे करू लागलो. एक मुलगी अजून धावत होती. तिची एक फेरी उरली होती. मी तिला हात केला, "बाजूला हो गं, झालं आता." ती थांबली नाही. कडेकडेने तिने ती फेरी पुरी केली, माझ्याकडे एकदा बघितले, नळावर जाऊन पाय धुतले आणि वर्गात जाऊन बसली. दुसऱ्या वर्षी तिने खेळात नाव दिले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी ते लक्षातही घेतले नव्हते.

ती मुलगी आता आमच्याच भागात नांदते. तिची मुलगी आमच्या शाळेत आहे. पालकसभेला ती आली, तेव्हा मी धीर करून ती आठवण काढली आणि म्हणालो, "माझं चुकलं बाई तेव्हा."

ती हसली. म्हणाली, "जाऊ द्या, सर. पण मला किती वेळ लागला होता हो? घरी वडिलांनी विचारलं होतं, सांगताच आलं नाही."

मी काय सांगणार? घड्याळ तर मी बंद केले होते.

आता आपण म्हणाल, शेवटच्याची वेळ लिहून तरी काय होणार? तर थोडा इतिहास सांगतो. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने मैदानी स्पर्धा भरवल्या. सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे, शेतात राबणारे, साधे अन्न खाणारे. नियम त्यांना ठाऊक नव्हते, शिकवणारे कुणी नव्हते. मैदान खडबडीत आणि लहान. सर्वांत मोठी धाव सुमारे पंचवीस मैलांची, खडीच्या रस्त्यावर, आणि ती मुले अनवाणी धावली. पण त्यांना लागलेला वेळ पाहून टाटा थक्क झाले. युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणारा तो वेळ होता. त्यातूनच पुढच्या वर्षी बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतातून एक लहानसा संघ गेला. खर्चाला टाटांनी स्वतः हातभार लावला. म्हणजे पाहा, भारताची ऑलिंपिकची वाट एका स्थानिक शर्यतीतून निघाली; आणि कुणीतरी घड्याळ लावून त्या अनवाणी पोरांचा वेळ मोजला म्हणून निघाली.

त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोहोचले. क्रमांक एकोणिसावा. पहिल्या आलेल्या फिनलंडच्या धावपटूपेक्षा सुमारे १८ मिनिटे मागे. शंभर वर्षांनंतर आज मी हा वेळ सेकंदासह सांगू शकतो, कारण पदके ठरल्यावरही तिथले घड्याळ चालू होते.

दुसरे उदाहरण १९६८ सालच्या मेक्सिको ऑलिंपिकचे. टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी मॅरेथॉनमध्ये पडला, गुडघा दुखावला. पट्टी बांधून तो पुन्हा निघाला. पहिला धावपटू पोहोचल्यावर तासाहून अधिक वेळाने, लंगडत, तो मैदानात शिरला. शर्यत पुरी करणाऱ्या सत्तावन्न जणांत तो शेवटचा. पुष्कळ प्रेक्षक घरी गेले होते. जे होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्याही नावापुढे वेळ लिहिलेली आहे: ३ तास २५ मिनिटे २७ सेकंद.

आणि कोण पुढे काय होईल, हे तरी आपल्याला कुठे ठाऊक असते? आपल्या जिल्ह्याच्या शिवेला लागून बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका आहे. तिथल्या मांडवा गावचा अविनाश साबळे सैन्यात गेला, आणि स्पर्धेच्या धावण्याकडे वळला तो विशी उलटल्यावर, २०१५ साली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशाने.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, आमच्या शाळेत आम्ही काय सुरू केले, ते सांगतो. फारसा खर्च नाही. मैदान मोजायला सायकल घेतली. चाकाला खडूने खूण करायची, एका फेऱ्यात चाक किती जाते ते दोरीने मोजायचे, आणि फेरे मोजत मैदानाभोवती सायकल हातात धरून न्यायची. मोठ्या मुलांना गणिताचा एक तासही त्यात मिळतो. धावताना एक शिक्षक घड्याळ वाचतो, एक मुलगा लिहितो. प्रत्येकाची वेळ वहीत नोंदली जाते आणि शेवटचे मूल रेघ ओलांडेपर्यंत घड्याळ बंद होत नाही. पहिल्या तिघांना बक्षीस आहेच. ते बंद करा, असे मी म्हणत नाही. चढाओढ मुलांना आवडते.

काही पथ्ये मात्र पाळा. शर्यत सकाळी उन्हाआधी घ्या. धावण्यापूर्वी दोन-तीन तास जड खाऊ देऊ नका. लांब धावेच्या वाटेवर पाणी ठेवा. घामाने गळून गेलेल्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा. कुणाला चक्कर आली, बोलणे असंबद्ध झाले, तर त्याला लगेच सावलीत निजवा, अंगावर ओले फडके फिरवा आणि दवाखान्यात न्या. आणि माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, मगच पळावे.

या नोंदवहीचा गुण पहिल्याच वर्षी कळला. एक मुलगा आठशे मीटरला शेवटचा आला. वेळ ५ मिनिटे ४० सेकंद. दुसऱ्या सत्रात तो पुन्हा शेवटचाच आला. मी त्याची समजूत काढायला गेलो, तर तो वहीत बोट ठेवून म्हणाला, "सर, हे बघा. ४ मिनिटं ५५ सेकंद! मी पंचेचाळीस सेकंद पुढं आलो." समजूत काढायचे काही कारणच नव्हते.

माझी साखर आता आटोक्यात आहे. क्रमांक सदतिसाव्याच्या वर गेलेला नाही, आणि जाईलसे वाटत नाही. पण शर्यतीला जाताना मी आता मनगटावर घड्याळ बांधतो. आणि माझे धावणे झाले, की लगेच घरी निघत नाही. रेघेपाशी उभा राहतो. मागे अजून कुणीतरी येत असते.

आपल्या गावी पुढची शर्यत भरेल, तेव्हा आपणही थोडे थांबावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो. नमस्कार.