हेगचा रस्ता आणि आपली संमती



नागपुरात वकिलांपुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा विषय काढला की हरीश साळवे यांचे नाव निघणारच. ते याच शहरात वाढले. पाकिस्तानात शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात त्यांनी फक्त एक रुपया मानधन घेतले, ही गोष्ट बाररूममध्ये अजून कौतुकाने सांगितली जाते. मला त्या रुपयापेक्षा वेगळेच कुतूहल आहे. साळवे यांना हेगमध्ये उभे राहता आले ते कशाच्या जोरावर?

आपल्या दिवाणी न्यायालयात प्रतिवादीवर समन्स बजावले की त्याची मर्जी कोणी विचारत नाही. हेगमध्ये ती विचारावी लागते. राष्ट्राने आधी संमती दिलेली असेल तरच त्याच्यावर दावा चालतो. ही संमती एक तर सर्वसाधारण घोषणापत्राने दिली जाते, किंवा एखाद्या करारातल्या कलमाने. घोषणापत्राला अपवाद जोडता येतात, आणि आपण ते हात न राखता जोडले आहेत.

या अपवादांच्या कथेची सुरुवात एका मराठी कागदातून होते. १७७९ च्या पुण्याच्या तहाने आणि पुढे १७८३ व १७८५ च्या सनदांनी पेशव्यांनी पोर्तुगीजांना दादरा आणि नगरहवेलीतील गावांचा वर्षाला १२,००० रुपयांचा महसूल लावून दिला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ती गावे मुक्त झाली. त्या लढ्यात सुधीर फडके होते. पुढच्याच वर्षी गीतरामायण घरोघरी पोचवणारे तेच बाबूजी. दमणहून या गावांकडे जायचा रस्ता भारताने बंद केला होता, म्हणून पोर्तुगालने भारताला हेगमध्ये खेचले. १९ डिसेंबर १९५५ ला त्यांनी घोषणापत्र दिले आणि २२ ला दावा ठोकला. तीन दिवसांत! आमच्या दप्तरी घोषणापत्र पोचण्याआधीच दावा, हा आमचा आक्षेप न्यायालयाने १९५७ मध्ये फेटाळला.

मग भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पेशव्यांच्या सनदा हेगमधल्या न्यायमूर्तींना समजावून सांगाव्या लागल्या. सरंजाम म्हणजे राज्य तोडून देणे नव्हे, तो दिलेला परत घेता येतो, हा आपला मुद्दा. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तो मान्य केला: मराठ्यांनी महसूल दिला, सार्वभौमत्व नाही. पण नंतर आलेल्या ब्रिटिशांनी तिथली पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केली होती, असेही ठरले. नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क आहे, ११ विरुद्ध ४. सशस्त्र दलांना नाही, ८ विरुद्ध ७. आणि भारताने कर्तव्यभंग केलेला नाही, ९ विरुद्ध ६. एका मताने सशस्त्र दलांचा मुद्दा फिरला असता. त्या पीठावर भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते न्या. चागला.

दिल्लीने निकालाची वाट पाहिली नव्हती. दावा दाखल होऊन महिना व्हायच्या आत, जानेवारी १९५६ मध्ये, आपण जुने घोषणापत्र मागे घेऊन नवे दिले. १९७४ चे घोषणापत्र तर अपवादांनी भरलेले होते. त्यातला एक अपवाद ब्रिटिश अमदानीतला: राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद हेगकडे जाणार नाहीत. १० ऑगस्ट १९९९ ला कच्छच्या रणाजवळ पाकिस्तानी नौदलाचे विमान आपण पाडले. पाकिस्तान हेगला गेला तेव्हा हाच अपवाद कामी आला. हा अपवाद कालबाह्य आहे, हा त्यांचा युक्तिवाद टिकला नाही. २१ जून २००० ला १४ विरुद्ध २ मतांनी ठरले की न्यायालयाला अधिकारिताच नाही. इथे टाळ्या वाजल्या आणि पुढचा विचार कोणी केला नाही.

कारण अपवाद दोन्ही बाजूंना लागू होतो. ८ मे २०१७ ला आपण जाधवांसाठी धाव घेतली तेव्हा घोषणापत्राच्या वाटेने गेलो असतो तर पाकिस्ताननेही आपलाच अपवाद आपल्यापुढे धरला असता. आपल्याला वाचवले ते १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत करारासोबतच्या ऐच्छिक प्रोटोकॉलने. भारत त्यात १९७७ मध्ये सामील झाला. तेव्हा कोणाला जाधव दिसत होते? १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानने करार मोडल्याचे ठरले. शिक्षा रद्द करून सुटका करा, ही मागणी मात्र मान्य झाली नाही; शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढाच आदेश निघाला. अमेरिकेने २००५ मध्ये हाच प्रोटोकॉल सोडला, कारण मेक्सिकोच्या खटल्यात निकाल तिच्या विरोधात गेला होता.

परक्या न्यायालयापुढे उभे राहिलो की सार्वभौमत्व उणावते, असे मानणाऱ्यांना मी याच शहराचे १८५४ साल दाखवीन. डलहौसीने भोसल्यांचे राज्य खालसा केले. त्याआधी साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे कंपनीच्या दारात बसले होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच अर्ज, ही खरी परवशता. उलट २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या सागरी सीमेच्या लवादात वादातल्या क्षेत्राचा मोठा भाग बांगलादेशला गेला, आपण निकाल मुकाट्याने मान्य केला आणि दोन्ही देशांतला जुना तंटा मिटला.

२०१९ मध्ये सरकारने पुन्हा नवे घोषणापत्र दिले. राष्ट्रकुलाचा अपवाद तसाच राहिला. तो पाकिस्तानसाठी ठेवला असेल, मी समजू शकतो, पण त्यात श्रीलंका, बांगलादेश आणि मालदीवही अडकतात. तो काढाच, असे मी आज म्हणत नाही. असे घोषणापत्र द्यायला किंवा बदलायला संसदेची मंजुरी लागत नाही, हे मला खटकते. निदान बदलाआधी ते संसदेच्या पटलावर ठेवून चर्चा व्हावी, असा ठराव मी उद्याच्या खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. विरोध करणाऱ्यांनी जरूर करावा. मात्र येताना जाधव निकालातला अधिकारितेचा भाग वाचून यावे.