‘भक्त’ या शब्दाची कुळकथा



नेत्याच्या कडव्या समर्थकाला आज ‘भक्त’ म्हटले जाते. कधी अभिमानाने, बहुधा उपहासाने. या शब्दाचे मूळ मात्र देव्हाऱ्यात नाही, वाटणीत आहे. संस्कृत ‘भज्’ धातूचा अर्थ वाटणे, वाटा घेणे. ‘भाग’, ‘विभाग’, ‘विभक्त’ हे त्याच कुळातले शब्द. ‘भक्त’ म्हणजे वाटून दिलेले. त्यावरून वाट्याचे अन्न, शिजलेला तांदूळ. प्राकृत ‘भत्त’ या रूपातून ‘भात’ आला. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील ‘भक्तवेतन’ म्हणजे शिधा आणि वेतन.

येथे पंडरीच्या कापडबाजारात गठ्ठे वाहणाऱ्या हमालाच्या डब्यातला भात मराठीत आणि छत्तीसगढीत एकाच नावाचा आहे. तो त्याच्या श्रमाचा वाटा आहे. कोणाचा प्रसाद नव्हे.

पुढे वाट्यातून सहभाग, सहभागातून निष्ठा आणि निष्ठेतून उपासना असा अर्थ सरकत गेला. इंग्रजी ‘फॅन’चा प्रवास उलटा: लॅटिन ‘फानुम’ म्हणजे देऊळ, त्यावरून ‘फॅनॅटिक’, आणि त्याचेच संक्षिप्त रूप होऊन तो शब्द अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर रुळला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की धर्मातील भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातील भक्ती अधःपाताकडे व अखेर हुकूमशाहीकडेच नेते. हा इशारा कोणत्याही झेंड्याला वगळत नाही. लाल झेंड्यालाही नाही. जयजयकारात वाट्याचा हिशेब मागण्याचे विसरतो, तो शब्दाचा मूळ अर्थही गमावतो आणि हातचा भातही.